अणुस्फोटाच्या ढगात माणूस कसा शिरला?

१ जुलै १९४६ रोजी प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेच्या बी-२९ या बॉम्बफेकी विमानाने अणुबॉम्ब टाकला आणि त्याच्या ढगात शिरली ती बी-१७ विमाने. ती रेडिओवर चालत होती, आत वैमानिक नव्हते. ढगातले कण तपासल्याशिवाय बॉम्बमधल्या किती इंधनाचे विखंडन झाले, म्हणजे किती अणू फुटले, हे नेमके कळत नाही. त्यामुळे नमुने हवेच होते, पण त्यासाठी माणूस आत पाठवायचा नाही, असे तेव्हा ठरले होते.

१९४८मध्ये प्रशांत महासागरातल्याच एनिवेटॉक बेटांवरच्या अमेरिकी चाचण्यांत माणसे असलेले एक बी-२९ चुकून ढगात गेले. परतलेल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणी आजारी पडले नाही. मग माणूस पाठवायला हरकत नाही, हा विचार बळावला. त्याच्या बाजूने कारणे होती. रेडिओवरच्या विमानाला हवेतून हाकायला दुसरे विमान लागे, जमिनीवर वेगळे पथक लागे, आणि ढग कुठे दाट आहे हे वैमानिकाला डोळ्यांनी दिसे. तरीही मला हा निर्णय सोयीचा वाटतो, पुराव्याचा नाही. कर्करोग दिसायला वर्षे लागतात, त्या दिवशीची प्रकृती त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यात ‘नमुने गोळा करणे’ हा शब्दही फसवा. ऐकताना प्रयोगशाळेतले टेबल डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात वैमानिक किरणोत्सर्गी धुळीत विमान घालत असे आणि उतरल्यावर पंखांच्या टोकांवरच्या टाक्यांतले गाळणकागद शिशाच्या पेटीत ठेवले जात.

१ नोव्हेंबर १९५२ला पहिल्या महाकाय हायड्रोजन स्फोटाच्या ढगात एफ-८४ विमाने गेली. परतताना एकाचे इंधन संपले आणि ते एनिवेटॉकजवळ समुद्रात पडले. वैमानिक सापडला नाही. याच मोहिमेतल्या गाळणकागदांतून पुढे ९९ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य मिळाले. शोधाची कथा सांगताना त्या वैमानिकाला विसरता कामा नये.

ब्रिटनने हीच वाट धरली. १५ ऑक्टोबर १९५३ला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इमू फील्डवर स्फोटानंतर ६ मिनिटांत कॅनबेरा विमान ढगात होते. ढगाचा माग काढणाऱ्या ऑस्ट्रेलियन लिंकन विमानांतल्या माणसांना मात्र संरक्षक कपडेही दिलेले नव्हते. ब्रिटनचा विमानातून टाकलेला पहिला अणुबॉम्ब ११ ऑक्टोबर १९५६चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच मारालिंगाला, व्हॅलियंट या बॉम्बफेकी विमानातून. पुढच्या दोन वर्षांत प्रशांत महासागरातल्या माल्डन आणि ख्रिसमस बेटांवर व्हॅलियंट बॉम्ब टाकत आणि कॅनबेरा ढगात शिरत.

१९६३च्या चाचणीबंदी करारानंतर अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ हवेतल्या चाचण्यांपासून दूर झाले. फ्रान्सने १९६६मध्ये मिराज-४ विमानातून बॉम्ब टाकला. हवेतली शेवटची चाचणी चीनची, १९८०ची.

चाचण्यांची झळ बसलेल्यांना भरपाई देणारा अमेरिकी कायदा १९९०चा, चाचण्यांत भाग घेतलेल्यांसाठी ब्रिटनने पदक जाहीर केले २०२२मध्ये. लिंकनच्या कर्मचाऱ्यांकडे किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणेच नव्हती, त्यामुळे आपल्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला हे दाखवायला त्यांच्याकडे आकडा नव्हता.