व्हीआयमध्ये पोरं का अडकतात?

विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सचं (विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली) पहिलं प्रॅक्टिकल असलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "सर, हे त निघूनच नाही राह्यलं!" पोरानं एमएस-सीआयटी केलेलं असतं, टायपिंगची परीक्षाही दिलेली असते. पण काळ्या पडद्यावर व्हीआय हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम, उघडला की मारलेलं अक्षर उमटत नाही, उलट एखादी ओळच गायब होते. पोराला वाटतं आपलंच चुकतंय. खरं तर हा तऱ्हेवाईकपणा पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांकडून आलेला आहे.

१९६९ साली बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसननं युनिक्ससाठी (लिनक्स जिच्या धर्तीवर बेतलेलं आहे ती जुनी प्रणाली) ईडी हा एडिटर लिहिला. (आपल्याकडे धाडी घालते ती ईडी वेगळी.) तेव्हा समोर पडदा नसायचा, टेलिटाइप असायचा : सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं कागदावर ठोकणारं यंत्र. प्रत्येक वेळी फाइल दाखवत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून ईडी जवळजवळ मुका राहिला. चूक झाली तर नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा, काय चुकलं ते तुमचं तुम्ही शोधा.

पुढे पडदे आले, पण त्यांना संगणकाशी जोडणारी लाइन मंदच होती. १९७६च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय व्हीआय लिहीत होता, तेही ३०० बॉडच्या मोडेमवरून. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. चोवीस ओळी आणि ऐंशी रकान्यांचा पूर्ण पडदा भरायला मिनिटाच्या वर वेळ. अशा लाइनवर एका अक्षराचा हुकूमच परवडतो. म्हणून डी दोनदा दाबला की ओळ जाते, यू दाबला की परत येते, आणि आय दाबून लिहिण्याच्या मोडमध्ये शिरल्याशिवाय प्रत्येक अक्षर हुकूमच समजलं जातं. जॉयच्या एडीएम-३ए टर्मिनलवर (दूरच्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) बाणांच्या वेगळ्या किल्ल्या नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले होते, आणि व्हीआयमध्ये कर्सर आजही त्यांनी हलवता येतो. त्या कीबोर्डवर एस्केप आजच्या टॅबच्या जागी, डाव्या करंगळीखाली होता. आता तो कोपऱ्यात गेला आणि सवय मात्र आपल्या माथी आली.

१९९१ साली ब्राम मूलेनारनं अमिगा संगणकासाठी विम, म्हणजे व्हीआयच्या धर्तीवरचा एडिटर, बाहेर काढला. त्यातली एक सोय भारनियमन पाहिलेल्या माणसाला लगेच पटते. लिहिता लिहिता विम एक स्वॅप फाइल बाजूला ठेवत जातो : दोनशे अक्षरं झाली की, किंवा हात चार सेकंद थांबला की. लाइट गेली तरी बहुतेक मजकूर शाबूत राहतो. लाइट आल्यावर फाइल उघडली की लांबलचक इंग्रजी सूचना येते आणि नवखा घाबरतो. तिथे आर दाबला की मजकूर परत मिळतो. हे पहिल्या तासाला का शिकवत नाहीत, कोण जाणे.

लिनक्सवरचा दुसरा, सोपा एडिटर म्हणजे नॅनो. त्याचा उगम वेगळा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ई-मेल प्रोग्रामसोबत पिको नावाचा सोपा एडिटर यायचा, पण त्याच्या परवान्याच्या अटी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना अडचणीच्या होत्या. म्हणून क्रिस अ‍ॅलेग्रेटानं १९९९मध्ये तसाच नवा लिहिला आणि २०००मध्ये त्याचं नाव नॅनो झालं. तळाशी कायम दिसणाऱ्या दोन ओळींमध्ये हुकूम लिहिलेले असतात. तिथलं टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोलची किल्ली, एवढं सांगितलं की पोरगा कामाला लागतो. सुरुवात नॅनोनंच करावी, असं माझं मत. व्हीआयची तोंडओळख मात्र हवीच, कारण परक्या सर्व्हरवर नॅनो असेलच असं नाही.

मराठीवाल्यांची एक अडचण जॉयच्या ध्यानीमनीही नसणार. व्हीआयचे हुकूम रोमन अक्षरांवर बेतलेले. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर (देवनागरी अक्षरांची मांडणी) राहिला, तर शिफ्टसह कोलनची किल्ली दाबल्यावर छ येतो, डब्ल्यूवर ऐकाराची मात्रा, क्यूवर औकाराची. जतन करून बाहेर पडायचा हुकूम व्हीआयपर्यंत पोचतच नाही, तो ढिम्म बसून राहतो. आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा, मग एस्केप, मग कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर. लिहिलेलं ठेवायचंच नसेल, तर कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर.