स्ट्राइक की बॉल? पंचाच्या डोळ्यांपुढचे 0.4 सेकंद

15 जुलै 2025. अटलांटाचं ट्रुइस्ट पार्क, अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक नामवंत खेळाडूंचा, पहिलीच इनिंग. डेट्रॉइटचा डावखुरा तारिक स्कूबल पिचिंग करत होता, समोर सॅन दिएगोचा मॅनी मचाडो. दोन स्ट्राइक झाल्या होत्या, बॉल एकही नव्हता. स्कूबलने वेग काढून घेतलेला चेंज-अप टाकला, मचाडोने बॅट हलवली नाही आणि पंच डॅन आयसोन्या यांनी ‘बॉल’ दिला. बॅटरमागे बसून चेंडू पकडणाऱ्या कॅचर कॅल रॅलीने लगेच स्वतःच्या हेल्मेटवर थाप मारली. काही सेकंदांत मैदानाच्या पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटला, निर्णय फिरला, मचाडो बाद. ऑल-स्टार सामन्यात यंत्राकडे गेलेलं हे पहिलं अपील. त्या रात्री अशी एकूण पाच अपिलं झाली आणि त्यांतल्या चार वेळा पंच चुकीचे ठरले.

पाचात चार म्हटलं की प्रेक्षक पंचाला आंधळा ठरवून मोकळे होतात. पण हा आकडा फसवा आहे. अपील होतं ते अगदी काठावरच्या चेंडूवर, तेही खेळाडूला जवळजवळ खात्री असेल तेव्हाच. सगळे चेंडू धरले तर मेजर लीगचे पंच शंभरात चौऱ्याण्णवच्या आसपास वेळा बरोबर असतात. मला जास्त कुतूहल उरलेल्या सहांचं वाटतं. त्या चुका कशाही, कुठेही होत नाहीत. त्यांना दिशा असते, आणि ती दिशा आधीच सांगता येते.

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी आधी थोडं नियमांचं. पिचर चेंडू टाकतो. बॅटरने तो सोडला तर मागे उभ्या पंचाला एकच गोष्ट ठरवायची असते : चेंडू ‘स्ट्राइक झोन’मधून गेला की नाही? गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद, चार बॉल झाले की त्याला पहिला बेस फुकट. झोनची रुंदी होम प्लेटइतकी (बॅटरशेजारी जमिनीत बसवलेली पंचकोनी पाटी), म्हणजे 17 इंच किंवा 43 सेंटिमीटर. उंची मात्र बॅटरगणिक बदलते. नियमपुस्तकाप्रमाणे वरची हद्द खांदा आणि पँटची वरची कड यांच्या मधोमध, खालची गुडघ्याच्या वाटीखाली. चेंडूचा जरासा भाग या हद्दीला शिवला तरी स्ट्राइक.

आता वेळ बघा. पिचरचा माउंड, म्हणजे मातीचा उंचवटा, प्लेटपासून 18.44 मीटरवर असतो, पण तो पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर उरतं 17 मीटरच्या आत. ताशी 153 किलोमीटर वेगाने निघालेल्या चेंडूचा हवेच्या विरोधाने वाटेत आठ-नऊ टक्के वेग जातो आणि तो साधारण 0.4 सेकंदात पोचतो. प्लेटच्या वरून जायला त्याला लागतात जेमतेम 11 मिलीसेकंद. हे आपल्याला ‘दिसतं’ असं म्हणणं धाडसाचंच. 1980च्या दशकात टेरी बाहिल आणि सहकाऱ्यांनी बॅटरच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या तेव्हा व्यावसायिक खेळाडूची नजरसुद्धा चेंडूवर शेवटपर्यंत टिकत नव्हती. प्लेटच्या दीड-दोन मीटर अलीकडेच ती मागे पडत होती.

पंचाची अडचण वेगळी. चेंडू त्याच्या बाजूने जात नाही, जवळजवळ तोंडावरच येतो, त्यामुळे मान-डोळे फार फिरवावे लागत नाहीत. पण समोरून येणाऱ्या वस्तूचं अंतर ओळखण्यात आपले डोळे कच्चे. फलाटाच्या टोकाला उभं राहून येणाऱ्या फास्ट लोकलकडे पाहिलंत, तर ती डावी-उजवीकडे किती आहे ते चटकन कळतं, किती लांब आहे ते मात्र अंगावर येईपर्यंत नीट कळत नाही. पंचाला नेमकं तेच हवं असतं. चेंडू प्लेटवर होता त्या क्षणी किती उंचीवर होता?

हळू कर्व्हबॉल घ्या. पुढच्या दिशेने गिरक्या घेणाऱ्या या चेंडूवर हवेचा दाब खालच्या दिशेने पडतो. भौतिकशास्त्रात याला मॅग्नस परिणाम म्हणतात. गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला हे बळ आलं की चेंडू प्लेटवर साधारण 10 अंशांच्या उताराने उतरू शकतो. म्हणजे प्लेटच्या पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत जाताना तो साडेसात सेंटिमीटर खाली येतो, जवळपास स्वतःच्या व्यासाइतका. पुढे कॅचरच्या हातमोज्यापर्यंत आणखी खाली. पुढच्या कडेला गुडघ्याशी असलेला चेंडू कॅचर नडगीजवळ पकडतो. पंचाच्या डोळ्यांत ठसतं ते शेवटचं दृश्य, हातमोज्याचं. म्हणून मुरलेले कॅचर चेंडू पकडता पकडता हातमोजा अलगद झोनच्या दिशेला सरकवतात. या कलेला फ्रेमिंग म्हणतात. ती चोरी की कसब, यावर बेसबॉलवेडे रात्र काढू शकतात. मी कसबाच्या बाजूने आहे.

इथपर्यंतच्या चुका डोळ्यांच्या. पुढच्या मेंदूच्या आहेत आणि त्या जास्त मजेदार आहेत.

2008च्या सुमारास मेजर लीगच्या सगळ्या मैदानांत चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आले आणि प्रत्येक चेंडूची नोंद होऊ लागली. संशोधकांना हे घबाडच मिळालं. तोच पंच, तेवढेच काठावरचे चेंडू, निर्णय मात्र परिस्थितीप्रमाणे वेगळे! तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक असेल तेव्हा पंचाचा झोन फुगतो, दोन स्ट्राइक आणि शून्य बॉल असेल तेव्हा तो आक्रसतो. म्हणजे ज्याची बाजू पडती, त्याला थोडी सूट. काहींना ही पंचाची दया वाटली. दुसरं स्पष्टीकरण मला अधिक पटतं. तीन बॉल टाकून बसलेला पिचर पुढचा चेंडू बहुधा मधोमध टाकतो, आणि दोन स्ट्राइक मिळवलेला पिचर बहुधा बाहेर टाकून बॅटरला भुलवतो. हे पंचाला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असतं. डोळ्यांकडून आलेली माहिती धूसर असली की मेंदू ती जागा अंदाजाने भरतो. असा अंदाज करणारा माणूस एकूणात जास्त वेळा बरोबर येतो, पण चुकतो तेव्हा ठरावीक बाजूलाच चुकतो.

2016 साली डॅनियल चेन, टोबियास मोस्कोविट्झ आणि केली शू यांनी आणखी एक खोड दाखवली. आधीच्या चेंडूला स्ट्राइक दिली असेल तर तशाच जागेवरून गेलेल्या पुढच्या चेंडूला स्ट्राइक देण्याची शक्यता थोडी घटते. नाणं दोनदा छापा पडलं, आता काटा पडणार, असं वाटावं तसं. त्याच शोधनिबंधात त्यांनी निर्वासितांच्या अर्जांवर निकाल देणारे न्यायाधीश आणि कर्जाचे अर्ज तपासणारे अधिकारीही घेतले होते. खोड तिथेही निघाली.

ऑल-स्टारच्या संदर्भात सगळ्यात बोचरा अभ्यास मात्र जेरी किम आणि ब्रेडन किंग यांचा, 2014 सालचा. 2008 आणि 2009च्या हंगामातले सात लाखांहून अधिक चेंडू त्यांनी तपासले आणि पिचरची प्रतिष्ठा मोजायला तो किती वेळा ऑल-स्टार संघात निवडला गेला हा निकष लावला. जितक्या जास्त निवडी, तितके झोनबाहेरचे चेंडू स्ट्राइक ठरण्याचं प्रमाण जास्त. नावाला वजन असतं असं प्रेक्षक पूर्वापार म्हणत आले, ते आकड्यांत दिसलं. यात पंचाचा हेतू वाईट असायची गरजच नाही. नेम अचूक म्हणून ख्याती असलेल्या पिचरचा काठावरचा चेंडू आतच असेल, असं मेंदू न विचारता धरून चालतो.

अटलांटाच्या जुन्या प्रेक्षकांना मात्र आकडे लागत नाहीत. 12 ऑक्टोबर 1997 ही तारीख पुरते. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना, फ्लोरिडाचा नवखा लिव्हान हर्नांडेझ विरुद्ध अटलांटाचा ग्रेग मॅडक्स, पंच एरिक ग्रेग. त्या दिवशी त्यांचा झोन प्लेटच्या बराच बाहेर पसरला होता. हर्नांडेझने 15 जण स्ट्राइक-आउट केले, अटलांटा 2-1 ने हरली, आणि शेवटचा बॅटर फ्रेड मॅकग्रिफ ज्या चेंडूवर बाद दिला गेला, त्याचं चित्रीकरण आजही लोक डोक्याला हात लावून बघतात.

यंत्राचा इलाज सुरुवातीला आजमावला गेला तोही एका ऑल-स्टार सामन्यातच. 10 जुलै 2019 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी, अटलांटिक लीग या स्वतंत्र स्पर्धेत. पंचाच्या खिशात आयफोन, कानात इअरफोन. रडार चेंडू मोजायचं, कानात आवाज यायचा आणि पंच तो मोठ्याने सांगायचा. आता मेजर लीगच्या ‘एबीएस’मध्ये, म्हणजे यंत्राने बॉल-स्ट्राइक ठरवण्याच्या पद्धतीत, रडारच्या जागी मैदानाभोवती 12 हॉक-आय कॅमेरे आहेत. एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून टिपलेल्या चित्रांवरून चेंडूची जागा काढायची, हे तेच तंत्र, जे आपण क्रिकेटमध्ये पायचीतच्या वेळी बघतो.

फरक मोठा आहे, आणि डीआरएसवर हुज्जत घालणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. पायचीतमध्ये चेंडू पॅडवर आदळून थांबतो. तो पुढे स्टंपवर गेला असता का, हे भाकीत असतं, आणि भाकितात चूक वाढत जाते म्हणून ‘अंपायर्स कॉल’ची पळवाट ठेवावी लागली. बेसबॉलमध्ये चेंडू प्लेटवरून खरोखर गेलेला असतो. भाकीत नाही, नुसती मोजणी. म्हणून एबीएसमध्ये अंपायर्स कॉल नाही. केसभर आत म्हणजे स्ट्राइक.

पण मोजायचं काय, हे कॅमेरा ठरवत नाही. नियमपुस्तकातला झोन प्लेटच्या आकाराचा उभा पंचकोनी ठोकळा आहे. सगळा ठोकळा धरला तर तो मघाचा कर्व्हबॉल पुढच्या कडेला निसटता शिवून जमिनीलगत पकडला गेला, तरी स्ट्राइक ठरतो. पुस्तकाप्रमाणे बरोबरच, पण मैदानात कुणालाच ती स्ट्राइक वाटत नाही. म्हणून एबीएसने ठोकळा सोडला आणि प्लेटच्या मधोमध उभी एक सपाट चौकट धरली. खांदा, पँट, गुडघा हेही गेलं, कारण बॅटर वाकतो, ताठ होतो आणि यंत्राचा गोंधळ उडतो. त्याऐवजी अनवाणी उंची मोजायची. वरची हद्द उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. 201 सेंटिमीटरच्या ॲरन जजची चौकट त्यामुळे 53 सेंटिमीटर उंच होते, 168 सेंटिमीटरच्या होसे आल्टुवेची साडेचव्वेचाळीस. (1951 साली सेंट लुइस ब्राउन्सच्या मालकाने गंमत म्हणून 109 सेंटिमीटरच्या एडी गेडेलला बॅट देऊन उतरवलं होतं, पाठीवरचा नंबर 1/8. पिचरला चारांतला एकही चेंडू झोनमध्ये टाकता आला नाही. एबीएसच्या हिशेबाने त्याची चौकट 29 सेंटिमीटरची भरली असती.)

मग प्रत्येक चेंडू यंत्रालाच का विचारू नये? मेजर लीगच्या खालच्या पायरीवर, ट्रिपल-एमध्ये, तेही करून पाहिलं. काही सामने पूर्ण यंत्रावर, काही अपिलावर. खेळाडूंनी अपील पसंत केलं. 2026च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये तेच आणायचं ठरलं : प्रत्येक संघाला दोन अपिलं, बरोबर निघालं तर ते शाबूत. अपील फक्त पिचर, कॅचर किंवा बॅटरने करायचं, तेही तत्काळ, डगआउटकडून (संघाच्या बसायच्या जागेकडून) खाणाखुणा न घेता.

यातून एक गमतीची गोष्ट उघडी पडली. 2025च्या वसंतातल्या सराव सामन्यांत सुमारे 52 टक्के अपिलं यशस्वी ठरली, पण कॅचरची 56 टक्के आणि पिचरची जेमतेम 41. चेंडू ज्याच्या हातून सुटतो, त्यालाच तो कुठून गेला ते सर्वांत कमी कळतं! कारण उघड आहे. चेंडू सोडल्यावर पिचर एका बाजूला कलंडतो, प्लेटपासून लांब असतो, आणि आपला प्रत्येक चेंडू त्याला स्ट्राइकच वाटतो. कॅचर चौकटीच्या अगदी मागे बसलेला असतो. उरली बॅटरची जमात, ती बरोबर मध्ये, 50 टक्क्यांवर.

आता हिशेब मांडू. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून तीनशेच्या आसपास चेंडू पडतात. त्यांतले निम्म्याच्या थोडे वर बॅटर सोडून देतो, म्हणजे पंचाला दीडशे निर्णय द्यावे लागतात. शंभरात सहा चुका धरल्या तर नऊ चुका. सराव सामन्यांत सरासरी चार अपिलं झाली, त्यांतली दोन यशस्वी. म्हणजे यंत्र हाताशी असूनही सात चुका जशाच्या तशा राहतात. त्यांत फ्रेमिंग जिवंत राहतं, तीन बॉलनंतरची सूट राहते, आणि नामांकित पिचरच्या नावाचं वजनही. बॅटर दोनातलं एक अपील पहिल्या इनिंगमधल्या किरकोळ चेंडूवर उडवत नाही. शेवटच्या इनिंगसाठी तो ते राखून ठेवतो, आणि तोवर समोरच्या ऑल-स्टार पिचरला काठावरच्या दोन-चार स्ट्राइक मिळून गेलेल्या असतात.