फेड
फेड : युक्रेनमधील खार्कीव्ह शहरातला एक कारखाना आणि तिथे तयार झालेले ३५ मिमी. फिल्मचे कॅमेरे. सोव्हिएत गुप्त पोलीस दलाचा (चेका) संस्थापक फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की (Dzerzhinsky) याच्या नावाची ही आद्याक्षरे.

कॅमेऱ्याला पोलीसप्रमुखाचे नाव कसे, तर कारखाना मुळात पोलीस खात्याच्या आश्रयाखालची बालवसाहत होता. यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनी उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी १९२७ मध्ये झेर्झिन्स्की श्रमवसाहत सुरू झाली. शिक्षणतज्ज्ञ आंतोन माकारेंको तिचे प्रमुख होते. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस काम, असा शिरस्ता. मुलांनी आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे बनवली, मग थेट जर्मन ‘लायका २’ कॅमेऱ्याला हात घातला. १९३४ पासून तिची नक्कल नियमित बाहेर पडू लागली. नक्कल म्हटली तरी काम सोपे नव्हते : कापडी पडद्याचे शटर, रेंजफाइंडर (वस्तूचे अंतर मापून चित्र स्पष्ट करायला मदत करणारी यंत्रणा), भिंगे, सारेच बारीक मापाचे. सुरुवातीला भिंग आणि फिल्म यांतले अंतर सगळ्या कॅमेऱ्यांत सारखे नसे. त्यामुळे एकाचे भिंग दुसऱ्यावर बसे, पण चित्र धूसर येण्याची शक्यता राही.

१९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ येताच कारखाना सायबेरियातील बेर्दस्क येथे हलवला गेला. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यातही हाच कॅमेरा बनू लागला. ‘झोर्की’ मालिका त्यातूनच निघाली.

१९५५ चा फेड-२ मात्र नुसती नक्कल राहिली नाही. त्यात दृश्यदर्शक आणि रेंजफाइंडर एकाच खिडकीत आले, आणि मागची बाजू पूर्ण सुटी होऊ लागल्याने फिल्म भरण्याची लायकातली कटकट गेली. संपूर्ण मालिकेतला सर्वांत जमलेला कॅमेरा बहुधा हाच. फेड-३ मध्ये शटरचे एक सेकंदापर्यंतचे मंद वेग आले, फेड-४ मध्ये सेलेनियमचा प्रकाशमापक. फेड-५ १९९० च्या दशकापर्यंत निघत राहिला. कॅमेरे बंद पडले तरी कारखाना विमानांच्या सुट्या भागांवर चालू राहिला.

जुन्या फेडवरची अक्षरे घासून त्यावर ‘लायका’ कोरण्याचा धंदाही पुढे फोफावला. काहींना तर सोनेरी मुलामा देऊन नाझी चिन्हे डकवली जातात. खात्री करायची तर भिंग फिरवून काढावे. आत रेंजफाइंडरच्या टोकाला अस्सल लायकात छोटे चाक असते, फेडमध्ये थेंबाच्या आकाराची पट्टी.