प्राचीन नदीखोऱ्यांतील संस्कृती : धर्म, समाज आणि राज्यव्यवस्था

तैग्रिस-युफ्रेटिस, नाईल, सिंधू आणि पीत नदी (ह्वांग हो) यांच्या खोऱ्यांत इ. स. पू. चौथ्या ते दुसऱ्या सहस्रकांत ज्या नागर संस्कृती उभ्या राहिल्या, त्यांना एकत्रितपणे नदीखोऱ्यांतील संस्कृती म्हणतात. त्यांची तुलना करताना धर्म, समाज, राज्यव्यवस्था असे तीन रकाने आखण्याची शालेय पद्धत आहे. त्या काळच्या शेतकऱ्याला मात्र हे रकाने वेगळे दिसले नसते. त्याने कोठारात घातलेले धान्य देवाचे होते की राजाचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकच होते. म्हणून प्रस्तुत नोंदीत धान्याचाच माग काढला आहे : ते कोणाच्या नावाने गोळा होई, कोण मोजून देई आणि न मिळाल्यास जाब कोणाला विचारता येई.

मेसोपोटेमिया (तैग्रिस-युफ्रेटिसचे खोरे) : उरुक या सुमेरी नगराच्या उत्खननात तिरप्या काठाचे, ओबडधोबड मातीचे वाडगे अक्षरशः ढिगांनी सापडले. साच्यात थापलेले, साधारण एकाच मापाचे. ते शिधा मोजण्यासाठी होते की पाव भाजण्यासाठी, यावर वाद आहे. पण आद्य सुमेरी लिपीत ‘खाणे’ या अर्थाचे चिन्ह म्हणजे माणसाचे डोके आणि त्याच्या तोंडाशी असाच एक वाडगा. इ. स. पू. ३२०० च्या सुमाराच्या सर्वांत जुन्या मृत्तिकापट्ट्यांवर स्तोत्रे नाहीत, पुराणकथाही नाहीत. तेथे बार्ली, बिअर, मेंढ्या आणि माणसे यांचे हिशेब आहेत. लिपी जन्मली ती कोठाराच्या दारात.

प्रत्येक नगराला आपला देव होता : उरला चंद्रदेव नन्ना, निप्पूरला एन्लिल, उरुकला इनान्ना. मंदिराची शेते, कुरणे, विणकरशाळा ही त्या देवतेची मालमत्ता आणि राजा तिचा कारभारी. मोबदला धान्यात मिळणे ही कल्पना बलुते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला परकी नाही. फरक एवढाच, की बलुते गावाच्या खळ्यावर ठरे, इथला शिधा लेखनिकाच्या पट्टीवर.

राजा देव नव्हता, ही इथली मुख्य गोष्ट. मेसोपोटेमियातील अक्कड राज्याचा राजा नरम-सिन याने आपल्या नावाआधी देवत्वाचे चिन्ह लावले, पण तो अपवादांपैकी एक. उत्तरकालीन बॅबिलोनी विधीत तर नववर्षाच्या उत्सवात पुरोहित राजाची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या गालावर चापट मारी, आणि आपण देवाकडे व नगराकडे दुर्लक्ष केले नाही असे राजाला म्हणावे लागे. राजाच्या डोळ्यांत पाणी आले तर तो शुभशकुन. सत्तेला वर्षातून एकदा गुडघ्यावर आणणारी इतकी स्पष्ट प्रथा प्राचीन जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.

बॅबिलोनचा राजा हामुराबी याच्या (इ. स. पू. सु. १७९२–१७५०) शिलास्तंभावर वरच्या भागात सूर्यदेव शमाशसमोर उभा राजा आणि खाली सुमारे २८२ कलमे कोरलेली आहेत. एखाद्याने आपल्या बांधाची डागडुजी केली नाही, बांध फुटला आणि शेजाऱ्यांचे शेत बुडाले, तर बुडालेले धान्य त्याने भरून द्यायचे. ऐपत नसेल तर त्याला व त्याच्या चीजवस्तूला विकून पैसे वाटून घ्यायचे. समाजाची उतरंडही कलमांतच आहे. प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडला तर डोळ्याबद्दल डोळा. सामान्याचा फोडला तर चांदीचा दंड. गुलामाचा फोडला तर त्याच्या अर्ध्या किमतीची भरपाई.

ईजिप्त : तैग्रिस-युफ्रेटिसला पूर येई तो वसंतात, पीक उभे असताना. नाईलचा पूर उन्हाळ्यात चढे आणि पेरणीच्या तोंडावर गाळ टाकून ओसरे. या भरवशाच्या नदीकाठी राजाला देव मानणे सोपे गेले असावे. फेअरो म्हणजे ईजिप्तचा राजा हा ससाणारूपी देव होरसचा अवतार. ‘मात’ म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची घडी सांभाळणे हे त्याचे कर्तव्य. पालेर्मो शिलालेख या जुन्या राजवृत्तांतात एकेका राजवर्षाच्या नोंदीखाली त्या वर्षीच्या पुराची उंची हात आणि बोटे या मापांत दिली आहे. पुराच्या आकड्यावरून पिकाचा आणि शेतसाऱ्याचा अंदाज बांधता येई.

पिरॅमिड गुलामांनी बांधले हा समज आता सोडून द्यायला हवा. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. त्याची टोळी तुरा येथील चुनखडीचे चिरे होड्यांतून खुफूच्या पिरॅमिडसाठी वाहत असे. त्याच दप्तरात शिध्याचे हिशेबही आहेत. हा शिधा थांबला की काय होई, हे बऱ्याच नंतरच्या एका नोंदीतून कळते. तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या राजवर्षी, इ. स. पू. बाराव्या शतकाच्या मध्यात, राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदीनाच्या कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली. भूक आणि तहान आम्हाला इथवर घेऊन आली, कपडे नाहीत, मासे नाहीत, भाजी नाही, हे फेअरोला कळवा, असे त्यांचे म्हणणे. ते बसले ते राजांच्या स्मारकमंदिरांपाशी, जिथे धान्याची कोठारे होती. ज्ञात इतिहासातला हा पहिला नोंदलेला संप मानला जातो.

चीन : शांग राजवटीचा बहरकाळ (इ. स. पू. सु. १२००) इतर तिघांपेक्षा हजारांहून अधिक वर्षे अलीकडचा आहे, हे तुलना करताना विसरू नये. शांगांची राजधानी आन्यांग येथील राजाची सत्ता पूर्वजांशी बोलण्याच्या अधिकारात होती. बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या कवचाला उष्णता देत आणि तडे वाचत. पाऊस, पीक, लढाई, राजाची दातदुखी, सगळे प्रश्न तिथे. राणी फू हाओच्या बाळंतपणाविषयीचा लेख प्रसिद्ध आहे : राजाने शुभ दिवस सांगितले, ३१ दिवसांनी ती प्रसूत झाली, ‘चांगले झाले नाही, मुलगी झाली’. हीच फू हाओ सैन्य घेऊन लढाईला जात असे. १९७६ मध्ये तिची न लुटलेली कबर सापडली. सोबत १६ माणसांचे बळी होते.

सिंधू खोरे : मोठ्या कालव्यांसाठी मोठी हुकूमशाही लागते, असा सिद्धान्त इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी १९५७ मध्ये मांडला. सिंधू खोऱ्यापुढे तो अडखळतो. मोहेंजोदडो, हडप्पा, धोलावीरा येथे विटांचे १ : २ : ४ हे प्रमाण सारखे, वजने सारखी, गटारे आखीव, पण निर्विवाद राजवाडा नाही, भव्य मंदिर नाही, सोन्याने मढवलेली कबर नाही. मोहेंजोदडोचे सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद महास्नानगृह डांबराचा थर देऊन पाझररोधक केलेले. ते धार्मिक विधीसाठी असावे. कालीबंगा आणि लोथल येथे अग्निकुंडे सांगितली जातात. सुमारे ४०० चिन्हांची लिपी अजून वाचता आलेली नाही.

इथे उत्खननकारांनी इतर खोऱ्यांचा चष्मा लावला. साडेसतरा सेंटिमीटरच्या एका पुतळीला ‘पुरोहित-राजा’ म्हटले गेले. एका मोठ्या चौथऱ्याला ‘धान्यकोठार’ हे नाव मिळाले, कारण राज्य म्हटले की कोठार हवेच. पण आत धान्य सापडले नाही. ही नावे पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली आहेत आणि ती बदलायला हवीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या समाजाने घरोघरी विहिरी व न्हाणीघरे बांधली, त्याने सत्ता कदाचित एका माणसाच्या पुतळ्यात साठवलीच नसेल. हे लोक इतरांपासून तुटलेलेही नव्हते. अक्कडकालीन एका मुद्रेवर शू-इलिशू हा ‘मेलुहाच्या भाषेचा दुभाषी’ असल्याचे कोरले आहे, आणि मेलुहा म्हणजे बहुधा सिंधूचाच प्रदेश.

महाराष्ट्र : प्रवरेकाठी दायमाबाद (अहिल्यानगर जिल्हा) येथे उत्तर-हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील, वस्तीचे अवशेष आहेत. १९७४ मध्ये तिथे मिळालेल्या हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलगाडी या धातुशिल्पांचे एकूण वजन ६० किलोंहून जास्त. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. पुढच्या जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या काळात घोड नदीकाठच्या इनामगावी (पुणे जिल्हा) लोकांनी पाण्यासाठी पाट खोदला, बांध घातला. बाकीची घरे बहुधा एका खोलीची असताना तिथे एक घर पाच खोल्यांचे निघाले. उत्खननकारांनी ते गावप्रमुखाचे मानले. त्याला लागूनच धान्याचे कोठार होते.