वेदनाशामक गोळ्यांनी मृत्यू: अमेरिकेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या वारसांनी भरपाईचा अर्ज कसा करावा?

टपाल खात्यात ओझं उचलताना पाठ गेली, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ऑक्सिकोडोन सुरू केलं आणि काही वर्षांनी त्याच गोळ्यांनी माणूस गेला. घरच्यांना वाटतं, दुखापत जुनी, आता कसली भरपाई? पण मंजूर झालेल्या दुखापतीवरच्या उपचारातून मृत्यू आला, तर तो त्या दुखापतीचाच परिणाम धरता येतो.

पुढची माहिती केंद्राच्या 'फेका' (FECA) कायद्याची आहे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना कामावरच्या दुखापतीची आणि मृत्यूची भरपाई देणाऱ्या कायद्याची. टपाल खातं, माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं वगैरे त्यात येतात. खासगी नोकरी असेल तर राज्याचा कायदा लागतो आणि तिथे निकाल सारखे नसतात. टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली अशाच प्रकरणात भरपाई नाकारली. मृताने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त गोळ्या घेतल्या होत्या, शिवाय दारूही.

पती किंवा पत्नी आणि मुलांनी फॉर्म सीए-5 भरायचा, अवलंबून असलेल्या आईवडिलांनी किंवा भावंडांनी सीए-5बी. मूल अविवाहित आणि 18 वर्षांखालचं हवं, शिकत असेल तर 23 पर्यंत चालतं. मृत व्यक्ती जिथे नोकरीला होती ते कार्यालय आपल्या बाजूने सीए-6 पाठवतं. मृत्यूचा आणि लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूम, अंत्यसंस्काराचं तपशीलवार बिल जोडावं. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर द्या.

हे कागद जमतात. प्रकरण अडतं ते डॉक्टरांच्या मतावर. 'औषधामुळे मृत्यू झाला असावा' एवढ्या एका ओळीने काही होत नाही. दुखापत कोणती, गोळ्या कोणी आणि किती लिहून दिल्या, शवविच्छेदनात रक्तात काय आणि किती सापडलं, आणि त्यावरून मृत्यू त्याच औषधाने का आला, हे कारणांसह लिहून घ्या. म्हणून टॉक्सिकॉलॉजीचा (शरीरात सापडलेल्या औषधांच्या आणि विषारी द्रव्यांच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि फार्मसीची नोंद आधी मिळवा, मगच डॉक्टरांकडे जा. ओपिऑइडच्या, म्हणजे ऑक्सिकोडोनसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांच्या मंजुरीसाठी डॉक्टर सीए-27 भरतात. तो फाइलमध्ये सापडला तर उत्तमच, कारण औषध त्याच दुखापतीसाठी होतं हे त्यात डॉक्टरांनीच लिहिलेलं असतं. मृत्यू स्वतःच्या हेतूने ओढवलेला असेल किंवा नशा हेच त्याचं थेट कारण ठरलं, तर कायदा हात वर करतो. दारू किंवा दुसऱ्याच कुणाच्या गोळ्या रक्तात सापडल्या असतील, तर डॉक्टरांनी त्याविषयी गप्प बसू नये.

मुदत मृत्यूपासून 3 वर्षं. मात्र मूळ दुखापतीचा दावा वेळेत केलेला असेल, तर त्याच दुखापतीवरून होणाऱ्या मृत्यूच्या दाव्यालाही तो पुरतो. हे ठाऊक नसल्याने कुणी अर्जच न करता बसू नये.

मुलं नसतील तर जोडीदाराला पगाराच्या 50 टक्के, असतील तर 45 टक्के आणि प्रत्येक मुलामागे 15, एकूण जास्तीत जास्त 75. जोडीदाराने 55 वर्षांच्या आत पुन्हा लग्न केलं तर 24 महिन्यांची रक्कम एकदम मिळून त्याचा हप्ता थांबतो. अंत्यसंस्काराला जास्तीत जास्त 800 डॉलर. आजच्या दरात ही चेष्टाच आहे.

नकार आला तर 30 दिवसांत सुनावणी मागता येते, नवा पुरावा घेऊन वर्षभरात फेरविचाराचा अर्ज करता येतो किंवा 180 दिवसांत अपील मंडळाकडे जाता येतं. मंडळ नवा कागद बघत नाही. नकार डॉक्टरांच्या मतावरून आला असेल, तर सरळ अपिलात जाण्यापेक्षा आधी सुधारलेलं पत्र घेऊन फेरविचार मागा.