मिनिममचं अर्धायुष्य

माझी भाची बेळगावात टिळकवाडीतल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज खानापूरहून सरकारी बसनं येते. जून २०२३ मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत करणारी शक्ती योजना आली, तेव्हापासून कंडक्टर तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. परवा म्हणाली, "मामा, क्रेडिट कार्डाचं पण तसंच असतंय. मिनिमम भरलं की व्याज शून्य."

ही समजूत नोकरदारांचीही असते. मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरल्यानं टळते ती लेट फी. व्याज चालूच राहतं, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. बिनव्याजी ४५-५० दिवसांपर्यंत मुदत मिळते ती पूर्ण बिल भरणाऱ्याला.

आता आकडेमोड, कारण खरी मजा तिथं आहे. थकबाकी २०,००० धरा. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ७००, व्याजावर १८ टक्के जीएसटी १२६. मिनिमम पाच टक्के, म्हणजे १,०००. हजारातून मुद्दल उतरलं फक्त १७४ रुपये! थकबाकी महिन्याला ४.१३ टक्के (व्याज अधिक जीएसटी) फुगते आणि पाच टक्के कापली जाते, म्हणजे खरी घट ०.८७ टक्के. बाकी कमी झाली की मिनिममही कमी होतं, त्यामुळे ही घसरण घातांकी, किरणोत्सारी पदार्थासारखी. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, काढायचं तर ०.६९३ (दोनचा नैसर्गिक लॉग) भागिले ०.००८७, सुमारे ८० महिने. किरणोत्सारी आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. हे कर्ज निम्मं व्हायला साडेसहा वर्षं.

तरी माणूस मिनिममच का भरतो? ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ नील स्टुअर्ट यांनी २००९ मध्ये दाखवलं, की बिलावर मिनिममचा आकडा दिसला की लोक एरवीपेक्षा कमी भरायचं ठरवतात. नजरेसमोरचा आकडा खुंटी होतो आणि मन तिच्याभोवतीच चरतं. भाचीची आई गल्लीतल्या भिशीचा हप्ता कधी अर्धा देत नाही. तिथं मिनिमम लिहिलेलंच नसतं. 'मुलींना खर्चाचा सोस' म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं. पैसा टिकायला पाकिटात मोरपीस ठेवा म्हणणारं रीलही मला आलंय. मोरपिसानं १७४ चे १७५ होत नाहीत.

भाचीला पगार नाही, म्हणून कार्ड आजोबांनी ठेवलेल्या एफडीच्या तारणावर मिळालंय. एफडीवर वर्षाला सहा-सात टक्के मिळतात, कार्डावर बेचाळीस जातात.

तिनं मोबाईल काढून ऑटो-पे उघडलं. खूण 'मिनिमम ड्यू'वर होती.