चिप कंपन्यांचे परदेशी शेअर : कोकणातल्या बागायतदारांनी पैसे कसे पाठवायचे

सर्वांत बारीक चिप छापणारी ईयूव्ही यंत्रं जगात एकटी नेदरलँड्सची एएसएमएल बनवते, आणि तशा चिप तयार करण्यात तैवानची टीएसएमसी पुढे आहे. दोन्ही कंपन्यांचे शेअर अमेरिकेच्या बाजारात मिळतात, त्यामुळे देवगडात बसूनही ते घेता येतात. मार्ग रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेचा, म्हणजे व्यक्तीला परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या योजनेचा.

या योजनेत निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. बाग सामाईक असली तरी एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) किंवा भागीदारी फर्मच्या नावाने अर्ज चालत नाही. ज्याने त्याने आपल्या पॅनवर करायचा. आखातात नोकरीला असलेला, फेमा या परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी झालेला मुलगा यात बसत नाही.

ब्रोकरकडे पॅन, आधार आणि आपण अमेरिकेचे करदाते नसल्याचं सांगणारा डब्ल्यू-८बीईएन फॉर्म लागतो. बँकेत फॉर्म ए-२, म्हणजे परदेशात पैसे पाठवण्याचा अर्ज.

अडतं ते पैसा आला कुठून या प्रश्नावर. बँकेतलं खातं किमान वर्षभर जुनं हवं. नवं असेल तर बँक मागच्या वर्षाचं स्टेटमेंट मागते, तेही नसेल तर आयकर विवरणपत्राची प्रत. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे पुष्कळांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. म्हणून वाशीच्या बाजारातून येणारी प्रत्येक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, जपून ठेवा. पेट्या किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता हाती काय उरलं, हे सगळं तिच्यावर असतं. तोच आकडा पासबुकात जमा दिसला की बँकेला समजावणं सोपं जातं. पट्टीचे पैसे रोखीने घेतले तर हा दुवाच तुटतो. सोबत सातबारा द्या. या गुंतवणुकीसाठी बँक कर्ज देऊ शकत नाही. चिपचा धंदा मोठ्या चढउतारांचा आहे, त्यामुळे मोहोराच्या फवारणीसाठी राखलेले पैसे यात घालूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरून तो करात वळता करता येतो किंवा परत मिळतो. पाठवलेले पैसे १८० दिवसांत गुंतवले नाहीत, तर भारतात परत आणावे लागतात.

शेअर घेतल्यावर मात्र उत्पन्न करपात्र नसलं तरी विवरणपत्र सक्तीचं होतं. आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ किंवा ३ मधल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षातले सगळे परदेशी शेअर दाखवायचे. २० लाखांवरची मालमत्ता दाखवली नाही, तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.